आधी आवाज आत आला

हेस्टिंग्ज स्ट्रीट ही डेट्रॉइटची एके काळची गजबजलेली पेठ. आता नकाशात शोधायला गेलं तर इकडेतिकडे उरलेले एक-दोन तुकडे तेवढे सापडतात. बाकीची पेठ १९६० च्या आगेमागे क्रायस्लर फ्रीवेने गिळली. दुकानं, खानावळी, नाचाचे अड्डे, न्हावी, दाताचे डॉक्टर, गहाणवटीची पेढी, सगळं गेलं आणि तिथे एक खोल खंदक खणून त्यातून मोटारी सोडल्या.

या पेठेत ३५३० क्रमांकाच्या जागेत जो व्हॉन बॅटल नावाच्या कृष्णवर्णीय माणसाचं रेकॉर्डचं दुकान होतं. १९४५ साली उघडलेलं. पुढे विक्री, मागे ध्वनिमुद्रणाची खोली. जवळच्या न्यू बेथेल बॅप्टिस्ट चर्चमध्ये रेव्हरंड सी. एल. फ्रँकलिन यांची प्रवचनं व्हायची. जो ती रेकॉर्ड करायचा, त्यांच्या तबकड्या काढायचा आणि दुकानाबाहेर लावलेल्या कर्ण्यातून थेट रस्त्यावर सोडायचा. ‘सिस्टर’ सांगायची, कामावरून परतताना तिथे थांबलं नाही असा दिवस क्वचित जायचा. फ्रँकलिन आधी सावकाश, समजावून सांगितल्यासारखं बोलत. मग बोलता बोलता शब्दांना सूर चढे आणि शेवटी ते गातच असत. आपल्याकडे रंगात आलेले कीर्तनकारबुवा निरूपणातून कधी पदात शिरले ते कळत नाही, तसं. रस्त्यावर गर्दी इतकी व्हायची, की बसवाल्याला भोंगा वाजवत राहावं लागे.

सिस्टर म्हणजे माझ्या आत्याच्या वॉर्डची मुख्य परिचारिका. आत्या मुंबईला डॉक्टर होऊन १९६९ साली डेट्रॉइटच्या एका इस्पितळात रेसिडेन्सीला रुजू झाली. रात्रपाळीत तिला कॉफी कुठे मिळते, कोणता सर्जन कधी खेकसतो आणि घरी जाताना कोणत्या रस्त्याने जायचं नाही, हे सगळं सिस्टरने शिकवलं. आत्या मुंबईच्या सवयीने तिला ‘सिस्टर’ म्हणायची, ती आत्याला ‘डॉक’. वयात वीसेक वर्षांचं अंतर होतं. पुढे मी लग्न होऊन अमेरिकेत आले तेव्हा सिस्टर निवृत्त झाली होती. रविवारी चर्च आटोपलं की मोठी हॅट तशीच डोक्यावर ठेवून ती आत्याकडे जेवायला यायची आणि साबुदाण्याच्या खिचडीवर चिलीसॉस ओतून घेत गोष्टी सांगायची. तिच्या गोष्टींना सनावळी नसायची. ‘लढाईच्या आधी’, ‘रस्ता खणला तेव्हा’, ‘त्या उन्हाळ्यात’ असा तिचा हिशेब. सनावळी मी नंतर लावली.

ती मूळची अलाबामाची. दुसरं महायुद्ध चालू असताना आई आणि भावंडांबरोबर रेल्वेने उत्तरेला आली. वडील आधीच येऊन फोर्डच्या रूज कारखान्यात, ओतशाळेत लागले होते. भट्टीजवळचं, सगळ्यात तापाचं काम काळ्यांना सहज मिळे. गाडीत काळ्यांसाठी वेगळा डबा, बहुधा इंजिनाला लागून, म्हणजे धूर आणि काजळी आपलीच. भोजनाच्या डब्यात शिरायची सोय नाही, म्हणून बुटाच्या रिकाम्या खोक्यात तळलेली कोंबडी, उकडलेली अंडी आणि पाव बांधून घ्यायचा. सिनसिनाटीला गाडी बदलली, की वेगळा डबा संपे. तिच्या आईने तिथे उतरून आधी सगळ्या पोरांची तोंडं धुतली आणि मग हवी त्या डब्यात, हवी त्या बाकावर बसवलं. बसल्यावर मात्र कोणी बोलेना. गोष्ट इथवर आली, की सिस्टर मोठ्याने हसायची.

१९१० ते १९७० या काळात दक्षिणेतून असे सुमारे साठ लाख कृष्णवर्णीय लोक उत्तरेला आणि पश्चिमेला गेले. मिसिसिपीचे शिकागोला, अलाबामा-जॉर्जियाचे डेट्रॉइट-क्लीव्हलंडला, कॅरोलिनातले न्यूयॉर्क-फिलाडेल्फियाला. रेल्वेचे रूळ जिकडे नेत तिकडे. शय्यायानातले काळे पोर्टर ‘शिकागो डिफेंडर’ या वर्तमानपत्राचे गठ्ठे दक्षिणेत पोचवत आणि तिथल्या लोकांना उत्तरेतल्या पगारांची खबर लागे. डेट्रॉइटमध्ये १९१० साली जेमतेम सहा हजार काळे लोक होते, १९३० साली १ लाख २० हजार झाले. शहराने त्यांना कामावर घेतलं. राहायला मात्र ब्लॅक बॉटम आणि त्याला लागून असलेली पॅराडाइज व्हॅली एवढाच टापू मोकळा ठेवला. हेस्टिंग्ज स्ट्रीट हा त्या टापूचा कणा. एट माइल रोडजवळ तर १९४१ साली एका बिल्डरने काळ्यांची वस्ती आणि गोऱ्यांसाठीची नवी घरं यांच्यामध्ये अर्धा मैल लांबीची काँक्रीटची भिंत बांधली, कारण त्याशिवाय गोऱ्यांच्या घरांना सरकारी हमीचं कर्ज मिळेना. ती भिंत अजून आहे. तिच्यावर आता चित्रं रंगवली आहेत.

माणसं अशी कोंडता आली. आवाज कोंडता आला नाही.

ही गोष्ट सिस्टरला फार लवकर कळली. शाळेत असताना ती आईबरोबर ग्रॉस पॉइंटच्या एका बंगल्यात कामाला जायची. ग्रॉस पॉइंट म्हणजे सरोवराकाठची धनिक वस्ती, मोटार कंपन्यांच्या साहेबांची. या दोघींनी मागच्या दाराने यायचं, स्वयंपाकघरातच जेवायचं, अंधार पडायच्या आत बस धरायची. आणि दिवाणखान्यात रेडिओवर गात असायचा नॅट किंग कोल. बाईसाहेब त्याच्या गाण्यावर डोळे मिटून मान डोलवायच्या. सिस्टर म्हणायची, ‘तो आमच्या अलाबामाचाच. तो पुढच्या दाराने आत येऊन सोफ्यावर बसलेला, आणि मी मागे बटाटे सोलतेय.’

खरं तर नॅट किंग कोललाही पुढचं दार नव्हतंच. १९४८ साली त्याने लॉस एंजेलिसच्या हँकॉक पार्कमध्ये घर घेतलं तेव्हा शेजाऱ्यांनी एकजुटीने विरोध केला. १९५६ च्या एप्रिलमध्ये बर्मिंगहॅमला निव्वळ गोऱ्या श्रोत्यांसमोर गात असताना गोऱ्यांच्या टोळक्याने स्टेजवर चढून त्याला खाली पाडलं. त्याच वर्षी एनबीसीने त्याला स्वतःचा टीव्ही कार्यक्रम दिला. मोठमोठे गायक मैत्रीखातर नाममात्र पैशांत त्यात येऊन गायले, पण देशभरासाठी जाहिरात द्यायला एकही मोठी कंपनी पुढे आली नाही. डिसेंबर १९५७ मध्ये कार्यक्रम बंद पडला. रेडिओवर चालणारा माणूस टीव्हीवर चालेना, कारण टीव्हीवर तो दिसायचा.

तबकड्यांच्या धंद्यालाही हे ठाऊक होतं. १९२० साली ओके कंपनीने मॅमी स्मिथ या कृष्णवर्णीय गायिकेचं ‘क्रेझी ब्लूज’ बाजारात आणलं. काळे लोक तबकड्या विकत घेणार नाहीत असा कंपन्यांचा समज होता. तबकडी हजारोंनी खपली आणि समज उडाला. मग अशा तबकड्यांचा वेगळा कप्पा झाला, ‘रेस रेकॉर्ड्स’. १९४९ साली बिलबोर्ड साप्ताहिकाने या कप्प्याला ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ असं नाव दिलं. कप्पा वेगळा तो वेगळाच राहिला.

रात्री मात्र कप्पे विरघळायचे. नॅशव्हिलच्या डब्ल्यूएलएसी या ५०,००० वॅटच्या केंद्रावरून रात्र झाली की ब्लूज आणि गॉस्पेल सुरू होई. अंधारात मध्यलहरी दूर जातात, त्यामुळे ते अर्ध्या देशात ऐकू येई. निवेदक गोरे, पण बोलण्याची ढब अशी उचललेली की श्रोत्यांना ते काळेच वाटत. मध्ये मध्ये जाहिराती: टपालाने मागवायच्या तबकड्या, केसांचं पोमेड आणि कोंबडीची जिवंत पिल्लं, तीही टपालानेच! ग्रॉस पॉइंटच्या त्या बंगल्यातला मुलगा पांघरुणात रेडिओ घेऊन हेच ऐकायचा. सिस्टरची आई सकाळी चादर बदलायला गेली की रेडिओचा काटा तिथेच असायचा. ती तो रोज गुपचूप हलवून ठेवायची. मुलाला तिने कधी सांगितलं नाही आणि त्यानेही कधी विचारलं नाही.

अशी मुलं मोठी झाली आणि त्यांनी खिशातला पैसा या संगीतावर ओतला. पण कंपन्यांना ते गाणं गोऱ्या तोंडून हवं होतं. लिटल रिचर्डचं ‘टुटी फ्रुटी’ पॅट बूनने स्वच्छ इस्त्री करून गायलं आणि ते मूळ गाण्याच्या वर चढलं. बिग मामा थॉर्नटनने ‘हाउंड डॉग’ १९५२ साली रेकॉर्ड केलं. १९५६ साली तेच गाणं एल्विसने घराघरात नेलं. आपल्याला या गाण्याचे सगळे मिळून ५०० डॉलर मिळाले, असं थॉर्नटन पुढे सांगायची. इथे गोष्ट जरा गुंतागुंतीची आहे, कारण ते गाणं लिहिणारी दोन पोरं, लायबर आणि स्टोलर, गोरी होती. ब्लूजवर जीव टाकणारी, काळ्या वस्तीत वावरणारी. चोरी म्हणावं तर चोरी कुठे सुरू होते आणि प्रेम कुठे संपतं हे नीट सांगता येत नाही. पैसे कुठे गेले हे मात्र सांगता येतं.

त्या पैशांकडे पाहणारा एक माणूस डेट्रॉइटमध्येच होता. बेरी गॉर्डी. याचं जॅझच्या तबकड्यांचं दुकान बुडालं, कारण गिऱ्हाइकं ब्लूज मागत आणि हा त्यांना जॅझ ऐकवत बसे. मग तो लिंकन-मर्क्युरीच्या कारखान्यात असेंब्ली लाइनवर लागला. तिथे हात चालू ठेवून मनात गाणी रचायचा. १९५९ साली घरच्यांच्या सामाईक फंडातून ८०० डॉलर कर्ज काढून त्याने कंपनी काढली आणि वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवर २६४८ क्रमांकाचं दुमजली घर घेतलं. दारावर पाटी लावली ‘हिट्सव्हिल यूएसए’. हीच मोटाउन.

माझे आतोबा मोटार कंपनीत इंजिनियर होते. त्यांना संगीतातलं फारसं कळत नसे, पण मोटाउनविषयी ते तासभर बोलू शकत, कारण त्यांच्या मते तो एक उत्तम चालवलेला कारखाना होता. कच्चा माल वस्तीतून उचललेला. गाणी लिहिणारे वेगळे, वाजवणारे वेगळे, नाच बसवणारे वेगळे. शुक्रवारी गुणवत्ता तपासणीची बैठक, तिच्यात गाण्यावर मतदान. गॉर्डीने स्टुडिओत एक छोटा, पत्र्यासारखा वाजणारा स्पीकर बसवला होता. तयार गाणं आधी त्यावर ऐकायचं, कारण तरुण पोरं ते मोटारीतल्या रेडिओवर ऐकणार. आतोबा म्हणायचे, ‘आम्ही गाडीला रेडिओ बसवला, त्याने रेडिओला गाणं बसवलं.’

वाजवणारे बहुतेक जण जॅझवाले, पॅराडाइज व्हॅलीच्या क्लबांतून घडलेले. दिवसा तळघरासारख्या स्टुडिओत मोटाउनसाठी वाजवायचे, रात्री मनासारखं जॅझ. जेम्स जेमर्सनच्या बासगिटारवर एक पिढी नाचली, पण तबकडीच्या पाकिटावर त्याचं नाव यायला १९७१ साल उजाडावं लागलं, मार्व्हिन गे याच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’पर्यंत.

आणि एक विभाग असा होता की ज्यावर सिस्टर आणि आतोबांचं कायम वाजायचं. मॅक्सीन पॉवेल नावाच्या बाई मुलामुलींना चालणं, बसणं, गाडीतून उतरणं, मुलाखत देणं शिकवत. तुम्हाला राजवाड्यांत आणि व्हाइट हाउसमध्ये गायचं आहे, असं त्या सांगत. म्युनिसिपल चाळींत वाढलेल्या, ज्यांतली एक हडसन्सच्या खाणावळीत टेबलं पुसत असे, अशा पोरी लांब हातमोजे घालून मान ताठ ठेवायला शिकल्या. आतोबांना ही शिस्त फार आवडे. सिस्टरला नाही. ‘गळा आमचा होता ना? मग चालायची रीत त्यांची कशाला?’ असं ती विचारायची आणि लगेच स्वतःच कबूल करायची, की २७ डिसेंबर १९६४ च्या रात्री या पोरी, म्हणजे सुप्रीम्स, पहिल्यांदा एड सलिव्हनच्या कार्यक्रमात आल्या तेव्हा तिचं अख्खं चर्च टीव्हीला चिकटलं होतं. त्या काळी टीव्हीवर आपलं माणूस दिसणार असलं की घरोघरी फोन खणखणत. ‘जेट’ साप्ताहिक तर त्या आठवड्यात टीव्हीवर कोणकोण काळं माणूस दिसणार याची यादीच छापत असे. यादी एका पानात मावायची. आता आवाजाबरोबर तोंडही गोऱ्यांच्या दिवाणखान्यात शिरलं होतं, मोजे घालून का होईना. मला विचाराल तर पॉवेलबाईंचं गणित चुकीचं नव्हतं. ते गणित कुणाला सोडवावं लागतं आणि कुणाला लागत नाही, हा प्रश्न सिस्टरचा होता, आणि तो रास्त होता.

१९६२ साली मोटाउनची मंडळी बस करून दक्षिणेत दौऱ्यावर गेली. बर्मिंगहॅमला त्यांच्या बसवर गोळ्या झाडल्या गेल्या. सभागृहांत मधोमध दोर बांधलेला असे: एका बाजूला गोरे, दुसऱ्या बाजूला काळे. स्मोकी रॉबिन्सन सांगतो, की पुढच्या खेपांना त्याच गावांत गेलो तेव्हा पोरं एकमेकांत मिसळून नाचत होती. हे ऐकून डोळे भरून घेण्याची घाई नको. दोर काढायला कायदा लागला, मोर्चे लागले, जीव लागले. संगीताने एवढंच केलं, की दोर बांधणाऱ्याला दोर धरून ठेवणं अवघड करून सोडलं. दोन्ही बाजूंचे पाय एकाच ठेक्यावर पडत असतील तर मधल्या दोराचं काय करायचं, हा प्रश्न पोलिसाच्या प्रशिक्षणात नव्हता.

मग ‘तो उन्हाळा’. १९६७ चा जून. सी. एल. फ्रँकलिन यांची मुलगी अरिथा हिचं ‘रिस्पेक्ट’ देशात पहिल्या क्रमांकावर गेलं. हिची पहिली गाणी चौदाव्या वर्षी जो व्हॉन बॅटलनेच चर्चमध्ये रेकॉर्ड केली होती. ‘रिस्पेक्ट’ मुळात ओटिस रेडिंगचं, म्हणजे घरी आलेल्या नवऱ्याने बायकोकडे मान मागण्याचं. अरिथाने ते बाईच्या तोंडी घातलं, अक्षरं एकेक करून उच्चारली आणि ते नवराबायकोचं राहिलंच नाही. काही आठवड्यांनी, २३ जुलैच्या पहाटे, ट्वेल्फ्थ स्ट्रीटवरच्या विनापरवाना दारूअड्ड्यावर पोलिसांनी धाड घातली आणि शहर पेटलं. सैन्य आलं, ४३ माणसं मेली. हेस्टिंग्ज स्ट्रीटवरून उठवलेला जो तोवर ट्वेल्फ्थ स्ट्रीटवरच दुकान थाटून बसला होता. त्याने खिडकीत ‘सोल ब्रदर’ अशी पाटी लावली. ती चालली नाही. आग, लूट आणि बंबांचं पाणी यांत दुकान गेलं आणि कित्येक वर्षांच्या ध्वनिमुद्रणांच्या फिती गेल्या. कर्ण्यातून रस्ता थांबवणारे किती आवाज त्यांत होते, याची मोजदाद आता होणार नाही. त्याच्या मुलीने पुढे या दुकानाविषयी लिहून ठेवलं, म्हणून निदान पत्ता तरी उरला. सिस्टर त्या आठवड्यात इस्पितळातच राहिली. त्याबद्दल ती कधी बोलली नाही. तिच्याकडचं न बोललेलं एवढंच.

आत्या आणि आतोबा आले ते या राखेनंतर दोन वर्षांनी. कसे आले? त्याआधी भारतातून वर्षाला शंभर माणसांचा कोटा होता. ३ ऑक्टोबर १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी नव्या स्थलांतर कायद्यावर सही केली आणि देशावर बेतलेले जुने कोटे गेले. नागरी हक्कांच्या लढ्याने त्या काळात जी हवा तयार केली होती, तिच्यातच तो कायदा होऊ शकला. म्हणजे दार ज्यांनी ढकललं त्यांच्या खांद्यावरून आमची डॉक्टर-इंजिनियर मंडळी आत आली, आणि पहिल्या संधीला एट माइलच्या पलीकडे, गोऱ्या उपनगरात घर घेऊन मोकळी झाली. आत्यानेही तेच केलं. एजंटाने सांगितलं, ‘तिकडे शाळा चांगल्या आहेत.’ त्या वाक्याचा अर्थ सगळ्यांना कळत होता. सिस्टरने गृहप्रवेशाला काचेचा मोठा बाउल दिला आणि एवढंच विचारलं, ‘डॉक, शेजारी कोण आहेत?’

आमच्या मंडळींचं अज्ञानही गमतीदार होतं. डेट्रॉइटमध्ये राहून आतोबांना ब्लॅक पँथर म्हणजे नेमकं काय ते कळलं पुण्याहून आलेल्या मराठी अंकातून, तेही १९७२ साली मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले आदी तरुणांनी दलित पँथर काढल्यानंतर. मराठवाड्यात, औरंगाबादेत काळ्या लेखकांची पुस्तकं वाचून वाद झडत होते, आणि आमची मंडळी त्या लेखकांच्या देशात बसून गणपतीच्या आरासीची चर्चा करत होती.

धक्का बसला तो जानेवारी १९७७ मध्ये. ॲलेक्स हेली यांच्या ‘रूट्स’ या गुलामगिरीच्या कहाणीवरची मालिका एबीसीने सलग आठ रात्री दाखवली. शेवटच्या भागाला प्रेक्षक दहा कोटींच्या घरात होते. आत्या सांगते की त्या आठवड्यात वॉर्डात रोज सकाळी गोऱ्या परिचारिका सिस्टरशी बोलताना चाचरत. एकीने तर तिची माफी मागितली. सिस्टर म्हणाली, ‘बाई, तू नाही, तुझ्या पणजोबाने. आणि आधी तीन नंबरचं सलाइन बदल.’ पुढच्याच वर्षी दया पवारांचं ‘बलुतं’ आलं आणि भारतातून येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेतून डेट्रॉइटला पोचलं. आत्याने ते दोन बैठकांत वाचलं. आतोबांनी अर्ध्यावर मिटवलं. त्या घरात पहिल्यांदा असं झालं, की सिस्टर जेवायला आली आणि प्रश्न आत्याने नाही, सिस्टरने विचारले, आमच्या गावाबद्दल, विहिरींबद्दल. उत्तरं देताना आतोबा ताटाकडे बघत होते.

आत्याचा मुलगा, माझा आतेभाऊ, ऐंशीच्या दशकात वाढला. तोपर्यंत ब्राँक्समध्ये सेजविक ॲव्हेन्यूवरच्या इमारतीत ऑगस्ट १९७३ मध्ये डीजे कूल हर्कने दोन टर्नटेबलांवर सुरू केलेला हिप-हॉपचा खेळ उपनगरांतल्या तळघरांत पोचला होता. याचे बूट, टोपी, बोलणं, हाताला हात लावायची तऱ्हा, सगळं काळ्या पोरांचं. शाळेत काळी पोरं मोजकीच. एकदा आतोबा त्याच्या खोलीतल्या दणदणाटावर चिडले तेव्हा सिस्टर म्हणाली, ‘राहू द्या हो. माझे लोक तुमच्या घरात यायचा हाच एक रस्ता आहे.’ हे ती हसत हसत म्हणाली. आत्या मात्र त्या रात्री झोपली नाही. पुढे तो मुलगा शहरात घर घेऊन राहिला, जुन्या वस्तीत. आता तिथल्या काळ्या शेजाऱ्यांचीच घरभाडी वाढू लागली आहेत, आणि हा नवा हिशेब सिस्टरने पाहिला असता तर तिने काय म्हटलं असतं याचा अंदाज मला आहे.

सिस्टर गेली. १६ ऑगस्ट २०१८ रोजी अरिथाही गेली. चार्ल्स राइट संग्रहालयात तिचं दर्शन ठेवलं होतं. पहिल्या दिवशी तिला लाल पोशाख आणि लाल उंच टाचांचे बूट घातले होते. आत्या, सिस्टरची मुलगी आणि मी रांगेत उभ्या राहिलो. रांगेत गोरे, काळे, नटूनथटून आलेल्या आज्या, कडेवर पोरं घेतलेले बाप. कोणाच्या तरी गाडीचा रेडिओ मोठा केलेला, त्यावर ‘रिस्पेक्ट’. आत्या म्हणाली, ‘पन्नास वर्षं हे गाणं रेडिओवर रोज लागतंय. केवढे पैसे मिळाले असतील हिला!’

सिस्टरची मुलगी आयुष्यभर हिशेबनीस होती. ती म्हणाली, ‘रेडिओवरून? काहीच नाही.’

आम्हाला खरं वाटेना. मग तिने समजावलं. अमेरिकेत साध्या रेडिओवर गाणं वाजलं की पैसे गाणं लिहिणाऱ्याला जातात, गाणाऱ्याला नाहीत. कायदा तसाच आहे, आजही. ‘रिस्पेक्ट’ लिहिलं ओटिस रेडिंगने, तेव्हा पैसे त्याच्या वारसांना. आवाज फुकट.

‘मग हिने केलं काय?’ आत्याने विचारलं.

‘रोख घेतले,’ ती म्हणाली. कार्यक्रमाचं मानधन अरिथा आधी रोख मागायची, नोटा मोजून पर्समध्ये ठेवायची, आणि ती पर्स बरोबर घेऊन स्टेजवर जायची. २०१५ साली केनेडी सेंटरमध्ये गीतकार कॅरोल किंगचा सत्कार होता. राष्ट्राध्यक्ष ओबामा सज्जात बसलेले. अरिथा फरचा कोट घालून, हातात पर्स घेऊन आली. पर्स पियानोवर ठेवली, नजरेसमोर. मग बसली आणि गायला लागली.